एकशे चौदा वर्षांनी लीथला आलेला चषक

२१ मे २०१६ रोजी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर हायबर्नियनने रेंजर्सचा ३-२ असा पराभव करून स्कॉटिश कप जिंकला. एडिंबरोच्या या क्लबने, पाठीराख्यांच्या लाडक्या 'हिब्स'ने, तो त्याआधी जिंकला होता एप्रिल १९०२ मध्ये. मधल्या एकशे चौदा वर्षांत हिब्सकडे याहून कितीतरी सरस संघ होऊन गेले, पण त्यांच्यापैकी एकालाही हा चषक लाभला नाही. तो आणला दुसऱ्या श्रेणीत अडकलेल्या आणि त्या वर्षी वरच्या श्रेणीत जाणेही न जमलेल्या संघाने. त्या मोसमाची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटते ती एवढ्यासाठीच.

हिब्सची स्थापना १८७५ साली काऊगेट या गरीब वस्तीतल्या आयरिश स्थलांतरितांनी केली. एडवर्ड हॅनन या धर्मगुरूंचा त्यात पुढाकार होता. पुढे ईस्टर रोड हे घरचे मैदान झाले आणि बंदराचा लीथ हा भाग क्लबचा बालेकिल्ला बनला. पहिला स्कॉटिश कप १८८७ चा, दुसरा १९०२ चा. त्यानंतर हा संघ दहा वेळा अंतिम फेरीत पोहोचला आणि दहाही वेळा हरला. गॉर्डन स्मिथ, बॉबी जॉनस्टन, लॉरी रायली, एडी टर्नबुल आणि विली ऑर्मंड या 'फेमस फाइव्ह' आघाडीफळीने १९५१ आणि १९५२ ची लीग विजेतेपदे आणली. १९५५-५६ मध्ये पहिल्याच युरोपियन कपमध्ये हिब्स उपांत्य फेरीपर्यंत गेले. स्कॉटिश कपने मात्र हुलकावणीच दिली. खुद्द टर्नबुल प्रशिक्षक असताना, १९७२ च्या अंतिम सामन्यात सेल्टिकने ६-१ असा धुव्वा उडवला. सगळ्यात जिव्हारी लागला तो २०१२ चा पराभव, कारण त्या अंतिम सामन्यात ५-१ ने हरवणारा हार्ट्स हा त्याच शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी होता. दोन वर्षांनी हिब्स दुसऱ्या श्रेणीत घसरले.

स्कॉटिश कप १८७३-७४ पासून खेळला जातो. त्यात हायलँड आणि लोलँड लीगचे छोटे क्लब, अगदी 'ज्युनियर' म्हणवले जाणारे निमव्यावसायिक संघही उतरतात. हिब्सच्या विजयाच्या मोसमात ज्युनियर गटातला लिनलिथगो रोझ शेवटच्या सोळात पोहोचला, तर २०१० साली उभ्या राहिलेल्या ईस्ट किलब्राइडला थेट सेल्टिकशी खेळायला मिळाले आणि त्यांनी पराभव दोन गोलांवर रोखला. तेव्हा उपांत्य फेरीच्या आधी सामना बरोबरीत सुटला की तो दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळला जाई. हिब्सच्या या प्रवासात त्या पुनर्लढतींना फार मोठे स्थान आहे.

जानेवारीत रेथ रोव्हर्सला त्यांच्या मैदानावर २-० ने हरवून हिब्सची मोहीम सुरू झाली. पुढच्या फेरीत नाव निघाले हार्ट्सचे, तेही त्यांच्याच टायनकासल मैदानावर. हार्ट्स त्या वेळी वरच्या श्रेणीत तिसऱ्या क्रमांकाकडे वाटचाल करत होते. ७ फेब्रुवारीला अर्नो जूम आणि सॅम निकल्सन यांनी त्यांना २-० अशी आघाडी मिळवून दिली आणि ८० व्या मिनिटापर्यंत ती टिकली. मग जेसन कमिंग्जने एक गोल फेडला. भरपाई वेळेत बचावपटू पॉल हॅनलन पुढे घुसला आणि त्याने चेंडू जाळ्यात ढकलला. हा एडिंबरोचाच मुलगा, लहानपणापासून हिब्सचा, आणि २०१२ चा तो पराभव पाहिलेल्या क्लबमध्येच घडलेला. २-२. नऊ दिवसांनी ईस्टर रोडवर कमिंग्जच्या एकमेव गोलावर हार्ट्स बाद झाले. माझ्या मते चषकाचे पारडे फिरले ते इथे. शेजाऱ्यापुढे मान खाली घालायची सवय एकदा मोडली की पुढच्या पडझडीतून सावरणे सोपे जाते.

आणि पडझड लगेच झालीच. उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या इन्व्हरनेसने ईस्टर रोडवर १-१ अशी बरोबरी साधली. पुनर्लढतीच्या तीन दिवस आधी, १३ मार्चला, हिब्स लीग कपच्या अंतिम सामन्यात रॉस काउंटीशी खेळले आणि अखेरच्या मिनिटाला अ‍ॅलेक्स शाल्कने केलेल्या गोलामुळे २-१ ने हरले. दुसरा एखादा संघ तिथेच खचला असता. हे खेळाडू थेट उत्तरेला इन्व्हरनेसला गेले. सेल्टिककडून उसनवार आलेल्या अँथनी स्टोक्सने दोन गोल केले आणि हिब्स २-१ ने जिंकले.

उपांत्य फेरीत समोर होता डंडी युनायटेड. नेहमीचा गोलरक्षक मार्क ऑक्सली निलंबित, म्हणून गोलपोस्टमध्ये उभा राहिला कॉनरॅड लोगन. टाचेचा स्नायुबंध तुटल्यापासून सोळा महिने तो एकही स्पर्धात्मक सामना खेळला नव्हता आणि हिब्सकडून हा त्याचा पहिलाच सामना होता. हिब्सला पेनल्टी मिळाली तेव्हा कमिंग्जने गोलरक्षकाला चकवण्यासाठी चेंडू हलकेच उचलून मारला आणि तो बारवरून गेला. १२० मिनिटांनंतरही सामना ०-० च राहिला. शूटआऊटमध्ये लोगनने दोन फटके अडवले. निर्णायक पेनल्टी घ्यायला पुन्हा कमिंग्जच पुढे आला. दुपारी ज्याने नको तो धोका पत्करला होता त्याच्याच पायाने ४-२ असा विजय मिळाला. दुसऱ्या दिवशी रेंजर्सने सेल्टिकला शूटआऊटमध्येच हरवले आणि स्कॉटिश कपच्या इतिहासात पहिल्यांदाच वरच्या श्रेणीतला एकही संघ अंतिम फेरीत उरला नाही.

अंतिम सामन्याच्या आठ दिवस आधी आणखी एक घाव बसला. बढतीच्या प्लेऑफमध्ये फॉलकर्कने अगदी शेवटच्या क्षणी गोल करून हिब्सला बाहेर काढले. लीग कप गेला होता, बढतीही गेली. उलट रेंजर्स त्याच श्रेणीचे विजेते होऊन वर चालले होते.

हॅम्पडेनवर ५०,७०१ प्रेक्षक होते. तिसऱ्याच मिनिटाला स्टोक्सने गोल केला. केनी मिलरने हेडरने बरोबरी साधली आणि ६४ व्या मिनिटाला अँडी हॅलिडेच्या लांबून मारलेल्या जोरदार फटक्याने रेंजर्स २-१ ने पुढे गेले. पिढ्यानपिढ्या पाहिलेले चित्र पुन्हा डोळ्यांपुढे उभे राहिले. ८० व्या मिनिटाला बदली खेळाडू लियम हेंडरसनच्या कॉर्नरवर स्टोक्सने हेडर मारला. २-२. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला आणखी एक कॉर्नर, पुन्हा हेंडरसनच्याच पायातून. चेंडू उंच आला आणि त्यावर झेपावला उजव्या बगलेचा बचावपटू, कर्णधार डेव्हिड ग्रे. त्याने कपाळाने दिलेला चेंडू थेट जाळ्यात गेला. ३-२.

शिट्टी वाजताच हजारो पाठीराखे मैदानात उतरले. बहुतेकांच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. पण काही जण रेंजर्सच्या बाजूकडे धावले, खेळाडूंना धक्काबुक्की झाली, गोलपोस्ट मोडले, घोडेस्वार पोलिसांना मध्ये पडावे लागले. त्या प्रकाराचे समर्थन होऊ शकत नाही. रेंजर्सचे खेळाडू पदके न घेताच गेले आणि हिब्सच्या हाती चषक यायला बराच वेळ लागला. मैदान मोकळे झाल्यावर ग्रेने चषक उंचावला, आणि मग स्टँडमधून 'सनशाइन ऑन लीथ' हे द प्रोक्लेमर्सचे गाणे हजारो गळ्यांनी एकसाथ गायले. दुसऱ्या दिवशी उघड्या बसमधून चषक लीथला आला तेव्हा रस्त्यांवर दीड लाखांच्या आसपास लोक होते असा अंदाज सांगितला गेला.

या संघाकडे नीट पाहिले तर तो योगायोगाने जमलेला वाटतो. स्टोक्स आणि हेंडरसन दोघेही सेल्टिककडून उसने घेतलेले. डॅरन मॅकग्रेगर जन्माचा हिब्सवाला, पण आदल्याच मोसमात रेंजर्सकडून खेळलेला. लुईस स्टीव्हन्सन क्लबमध्येच वाढलेला, २००७ चा लीग कप आणि हा स्कॉटिश कप अशी दोन्ही पदके मिळवणारा हिब्सचा एकमेव खेळाडू. मधल्या फळीत धडपडणारा तरुण जॉन मॅकगिन पुढे अ‍ॅस्टन व्हिलाचा कर्णधार झाला. प्रशिक्षक अ‍ॅलन स्टब्ज काही आठवड्यांतच क्लब सोडून गेले आणि वर्षभराने नील लेननच्या हाताखाली हिब्स वरच्या श्रेणीत परतले. २०२४ मध्ये डेव्हिड ग्रे याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला.

लीगमध्ये सातत्य लागते आणि ते या संघाकडे नव्हते. बाद फेरीत लागते ती हार मान्य न करण्याची जिद्द. पाच फेऱ्यांपैकी पहिली सोडली तर प्रत्येक ठिकाणी हा संघ स्पर्धेबाहेर जाण्याच्या बेतात होता. हार्ट्स आणि इन्व्हरनेस यांच्याविरुद्ध दोन्ही वेळी पुनर्लढतीने त्याला सावरायला अवधी दिला. आज स्कॉटिश कपमध्ये पुनर्लढती उरलेल्या नाहीत, सामना त्याच दिवशी निकालात काढला जातो. वेळापत्रकाच्या दृष्टीने ते सोयीचे असेल. पण ज्या मोसमाने एका क्लबच्या चार-पाच पिढ्यांची प्रतीक्षा संपवली तो मोसम पुनर्लढतींच्या आधारावर उभा होता, हे विसरता येत नाही. छोट्या आणि अडखळणाऱ्या संघांना दुसरी संधी देणारा हा नियम स्कॉटलंडने परत आणावा, असे मला मनापासून वाटते.