भांडवल थोडे, स्वप्न फळबागेचे

“बाग लावायची इच्छा आहे, पण हातात पैसा नाही,” असे कोरडवाहू भागातील अनेक शेतकरी बोलून दाखवतात. कलमे, खड्डे, कुंपण, पाणी हा सारा खर्च एकदम मांडला की अडचण खरीच आहे. कर्ज काढून सगळी बाग एकाच हंगामात लावली आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर बाग जाते व कर्ज राहते. म्हणून स्वप्न लहान करू नये, पहिला टप्पा लहान करावा. पैशाची उणीव बरीचशी श्रमाने व सवडीने भरून काढता येते. बोराची बाग हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

टप्प्याटप्प्याने लागवड

बोराची लागवड 20 × 20 फुटांवर केल्यास एकरी सुमारे 108 झाडे बसतात. चार वर्षांत विभागल्यास दर वर्षी 27 खड्डे येतात. 2 × 2 × 2 फूट आकाराचे एवढे खड्डे घरची माणसे उन्हाळ्यात खोदू शकतात. ते चांगली माती व कुजलेल्या शेणखताने भरावेत.

जागेवरच डोळा भरणे

विकतच्या कलमांऐवजी रानबोरीच्या आठळ्या वापराव्यात. पाण्यावर तरंगणाऱ्या आठळ्या टाकून द्याव्यात. पावसाळ्याच्या सुरुवातीस खड्ड्यात दोन-तीन आठळ्या लावून पुढे एकच जोमदार रोप ठेवावे. रोप हलवावे लागत नसल्याने सोटमूळ सरळ खोल जाते व झाड पाण्याचा ताण सोसते. खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की उमराण किंवा कडाका या जातीचा डोळा भरावा. डोळा फुटल्यावर त्याखालील रानफूट वेळोवेळी काढावी.

बांधावर जुनी रानबोर असल्यास एप्रिल-मे महिन्यात छाटून, नव्या जोमदार फुटीवर पावसाळ्यात डोळा भरावा. मुळे आधीच खोल गेलेली असल्याने अशी झाडे लवकर फळांवर येतात.

बाग येईपर्यंत

पहिली दोन-तीन वर्षे दोन ओळींत मूग, मटकी किंवा हुलगा घ्यावा, मात्र झाडाची आळी मोकळी ठेवावीत. पहिल्या उन्हाळ्यात रोपाजवळ मडके पुरून पाणी द्यावे व आळ्यात पालापाचोळा पसरावा. पहिल्या टप्प्यातील झाडांचे उत्पन्न पुढील टप्प्यासाठी राखून ठेवावे.

काटकसर कोठे करू नये

डोळकाडी खात्रीच्या, भरपूर फळे देणाऱ्या झाडाचीच घ्यावी. येथे चूक झाल्यास ती फळे येईपर्यंत कळत नाही. गुरांपासून राखणही हवीच, त्यासाठी बोरीच्याच काट्यांचे कुंपण चालते. बाग फळांवर आल्यावर दर उन्हाळ्यातील छाटणी आणि भुरी व फळमाशीचा बंदोबस्त टाळू नये.

महाराष्ट्रात 1990-91 साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली व तिच्यातून अनेक कोरडवाहू शेतांत बागा उभ्या राहिल्या. चालू योजनांची माहिती तालुका कृषी कार्यालयात घ्यावी. परंतु अनुदानाची वाट पाहत हंगाम घालवू नये. येत्या उन्हाळ्यात 27 खड्डे खोदले, तर बागेची सुरुवात झालीच म्हणून समजावे.