नक्षी जुनी, माग नवा

आमच्या लोअर परळच्या घरात कपाटावर एक जुना लॅपटॉप धूळ खात पडला होता. चालू केला की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत पडदा जेमतेम उजळायचा. गेल्या दिवाळीत मी त्यावरचं सगळं पुसलं आणि डेबियन हे मुक्तस्रोत लिनक्स टाकलं. लॅपटॉप पुन्हा उभा राहिला. मग सुट्टीला आलेल्या भाचीसाठी त्यावर १९९० सालचा एक साहसखेळ लावला.

खेळाचं नाव ‘लूम’, म्हणजे माग. त्याचा नायक विणकरांच्या संघातला एक पोरका मुलगा, बॉबिन थ्रेडबेअर. शेजारी खुर्चीत आबा, माझे वडील, पेपर वाचत बसले होते. ते १९८२च्या संपापर्यंत गिरणीत साचाखात्यात, म्हणजे यंत्रमागांवर, होते. नाव कानावर पडताच पेपर खाली आला. “बॉबिन? अगं, ही तर आमच्या खात्यातली वस्तू.” पुढे पडद्यावर मोठा माग दिसला, तेव्हा चष्मा सावरून म्हणाले, “हा हातमाग. साचा नव्हे.”

त्या संध्याकाळी खेळ तासभर थांबला आणि आबांनी भाचीला मागावर नक्षी उमटवणारा जॅकार्ड समजावून सांगितला. १८०४ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने बसवलेली ही युक्ती. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ मागाच्या डोक्यावर फिरत असते. एक पुठ्ठा म्हणजे कापडाची एक आडवी ओळ. पुठ्ठ्यावर सुया टेकतात. जिथे भोक असेल तिथे सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा सुटतो आणि धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा निघून जातो. मग पुढचा पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे फिरले की काठावर वेल उमटते. “साचा मोडीत गेला तरी पुठ्ठे जपलेले असले, की त्याच मापाच्या दुसऱ्या जॅकार्डवर तीच वेल उतरते,” आबा म्हणाले. “नक्षी साच्यात नसते, पुठ्ठ्यात असते.”

पस्तीस वर्षांपूर्वीचा खेळ आजच्या लिनक्सवर का चालतो, याचं याहून नेमकं उत्तर मला देता आलं नसतं.

१९८७ साली अमेरिकेत लुकासफिल्म गेम्स या कंपनीत रॉन गिल्बर्ट आणि त्याचे सहकारी ‘मॅनियॅक मॅन्शन’ नावाचा खेळ घडवत होते. त्या काळी घराघरांतले संगणक एकमेकांशी अजिबात न जुळणारे होते. कमोडोर ६४चा प्रोसेसर वेगळा, आयबीएम पीसीचा वेगळा. प्रत्येकासाठी अख्खा खेळ यंत्रभाषेत नव्याने लिहायचा तर जन्म पुरला नसता. म्हणून त्यांनी स्कम नावाची एक व्यवस्था उभी केली. खेळाची गोष्ट, म्हणजे कोण कुठे चालेल, दार कशाने उघडेल, कोण काय बोलेल, हे सगळं एका सोप्या भाषेत लिहायचं. ते आटवून आकड्यांची एक माळ बनवायची, तिला बाइटकोड म्हणतात. एक आकडा म्हणजे ‘पात्राला चालव’, पुढचा म्हणजे कोणत्या पात्राला, त्यापुढचे दोन म्हणजे पडद्यावर कुठवर. ही माळ वाचून त्याबरहुकूम वागणारा छोटा प्रोग्रॅम तेवढा प्रत्येक यंत्रासाठी वेगळा लिहायचा. त्याला दुभाषा म्हणू. माळ पुठ्ठ्यांची, दुभाषा साचा.

पुढे ती यंत्रं भंगारात गेली. डॉस ही जुनी कार्यप्रणाली गेली, तिच्याबरोबर मूळ दुभाषेही गेले. पुठ्ठे मात्र फ्लॉप्यांवर आणि सीडींवर पडून होते. २००१ मध्ये लुडविग स्ट्रिगेउस या स्वीडनच्या विद्यार्थ्याने नवा दुभाषा लिहायला घेतला. कंपनीचा मूळ सोर्स कोड हाताशी नसताना जुन्या प्रोग्रॅमची यंत्रभाषा उकलत, कोणत्या आकड्याला काय घडतं हे शोधत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी ही आज्ञावली परत जुळवली. त्यातून स्कमव्हीएम उभं राहिलं. ते पहिल्यापासून मुक्त परवान्याखाली आहे. कुणीही त्याचा कोड वाचावा, सुधारावा आणि वाटावा. म्हणूनच ते लिनक्सच्या बहुतेक मोठ्या वितरणांत मिळतं. आज ते लुकासफिल्मपुरतंही राहिलेलं नाही, सिएरासारख्या इतर कंपन्यांचे शेकडो खेळ त्यावर चालतात.

डॉसबॉक्स नावाचा दुसरा मार्गही लिनक्सवर आहे. तो जुना पीसीच पूर्ण उभा करतो. प्रोसेसर, मेमरी, साउंड कार्ड, सगळ्याची नक्कल करतो आणि त्या नकली पीसीवर मूळ खेळ जसाच्या तसा चालवतो. म्हणजे एका साच्यासाठी भोंग्यासकट अख्खी गिरणी परत बांधायची. ज्या खेळांचे पुठ्ठे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी तो उपाय लागतोच. पण जिथे पुठ्ठा वाचता येतो, तिथे स्कमव्हीएमचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

अर्थात नव्या साच्यावर जुनी वेल तशीच्या तशी उतरवणं सोपं नाही. ‘लूम’चं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, म्हणजे एकूण ६४,००० ठिपके. आजच्या साध्या फुल एचडी पडद्यावर त्याच्या बत्तीसपट ठिपके असतात. पण खरी गोम ठिपक्यांच्या संख्येत नाही, आकारात आहे. जुन्या मॉनिटरवर रुंदी आणि उंची ४:३ या प्रमाणात असायची, त्यामुळे ३२० बाय २००चा प्रत्येक ठिपका थोडा उभट दिसे. चित्रकाराने वर्तुळ काढलं ते तो उभटपणा धरूनच. आजच्या चौरस ठिपक्यांवर तेच चित्र ठेवलं की चंद्र चेपतो, माणसं बुटकी होतात. स्कमव्हीएममध्ये हे प्रमाण दुरुस्त करायची सोय आहे, ती चालू केली की २०० ओळी ताणून २४० होतात. आम्ही ती चालू-बंद करून पाहिली. आबा लगेच म्हणाले, “आता बॉबिन सरळ उभा राहिला.”

आवाजाची गोष्ट याहून सुंदर आहे. त्या काळच्या अ‍ॅडलिब साउंड कार्डात यामाहाची वायएम ३८१२ ही चिप असे. तिच्यात वाद्यांचे ध्वनी साठवलेले नसत. ती एका लहरीने दुसरीला झपाट्याने हलवायची आणि त्या थरथरीतून बासरी किंवा घंटेसारखा नाद निर्माण करायची. चिप आज लॅपटॉपमध्ये नाही, पण तिचं गणित ठाऊक आहे. स्कमव्हीएम ते गणित दर सेकंदाला हजारो वेळा मांडतं आणि चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’चे सूर, ज्यावर ‘लूम’चं संगीत बेतलंय, पुन्हा ऐकू येतात.

खेळायचं कसं, तेही सुरांनीच. ब्रायन मोरियार्टीच्या या खेळात ना पिशवी आहे, ना हत्यारं. बॉबिनच्या हाती सूतकाठी आहे आणि चार-चार सुरांचे मंत्र. सुरुवातीला एक अंडं असतं. त्याच्यातून चार सूर ऐकू येतात, तेच सूतकाठीवर वाजवले की अंडं उघडतं. भाचीने दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर वाजवले. नंतर तिला आपसूक सुचलं, “आत्या, उलटे वाजवले तर बंद होईल?” होतं. उघडण्याचे सूर उलट क्रमाने वाजवले की उघडलेली वस्तू मिटते. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘लूम’ विकत घ्यावा लागतो. स्कमव्हीएम फुकट असलं तरी खेळांचे हक्क त्यांच्या मालकांकडेच आहेत. ज्यांना पैसे न खर्चता सुरुवात करायची आहे त्यांनी ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्यावा. रेव्होल्यूशन या ब्रिटिश कंपनीचा हा १९९४चा खेळ २००३ मध्ये मोफत खुला झाला. कंपनीने आपला मूळ कोडही स्कमव्हीएमच्या मंडळींना दिला. डेबियनच्या भांडारात हा खेळ तयार मिळतो.

या खेळातलं शहर लोअर परळच्या माणसाने जरूर पाहावं. तिथे कारखाने आणि कामगार सगळ्यात वरच्या मजल्यांवर कोंबलेले, आणि श्रीमंत खाली जमिनीवर. आमच्याकडे गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत चित्र नेमकं उलटं आहे. नायकाचा सोबती जोई नावाचा यंत्रमानव आहे. त्याचं सारं शहाणपण एका छोट्या सर्किट बोर्डात असतं. एक सांगाडा मोडला की तो बोर्ड दुसऱ्या सांगाड्यात बसवायचा, आणि जोई तोच, त्याच खोडकर बोलण्यासकट.

एक विनंती. तुमच्या पोटमाळ्यावर नव्वदच्या दशकातल्या फ्लॉप्या, सीडी असतील तर त्या या पावसाळ्याआधी खाली काढा. फ्लॉपीतली माहिती प्लॅस्टिकच्या पातळ चकतीवरच्या चुंबकीय लेपात असते, आणि मुंबईच्या दमट हवेत त्या लेपावर बुरशी धरते. यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आजही मिळतो. चकतीवर डाग दिसला तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, जाणकाराला दाखवा. बाकीच्यांची नक्कल हार्ड डिस्कवर आणि आणखी एका जागी ठेवा. त्यात खेळ असतील, तुमची पहिली पत्रं असतील, एखाद्या मंडळाचा जुना हिशेब असेल. दुभाषा नंतरही लिहिता येतो. पुठ्ठे कुजले तर ते परत मिळत नाहीत.