घाटात सायकल बदलायची का?

शर्यत सेकंदांची आहे, घड्याळ थांबत नाही, आणि तुम्ही मधेच थांबून एक सायकल सोडता नि दुसरीवर बसता. वेडेपणा वाटतो ना? टूर द फ्रान्समध्ये तादेय पोगाचारने हे दोनदा केलं. एकदा तो जिंकला, एकदा सपशेल हरला.

टाइम ट्रायल म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेली शर्यत. कुणाच्या मागे लपून वारा चुकवायची सोय नाही. त्यासाठीची सायकल खास असते: पुढे लांब हँडल, पाठ आडवी, मागचं चाक बंद तबकडीसारखं. वारा मस्त कापते, पण साध्या रेसिंग सायकलपेक्षा जड. मग वाटेत घाट आला की काय करायचं?

१९ सप्टेंबर २०२०. ३६.२ किलोमीटरची टाइम ट्रायल, शेवटचे ५.९ किलोमीटर ‘ला प्लांश दे बेल फीय’चा चढ, सरासरी ८.५ टक्के. प्रिमोझ रॉग्लिच ५७ सेकंदांनी पुढे होता. पायथ्याशी दोघांनीही सायकली बदलल्या. पोगाचारची अदलाबदल सफाईने झाली, रॉग्लिच जरा अडखळला. पण खरा फरक पायांनी पाडला. २१ वर्षांच्या (म्हणजे तुमच्याच वयाच्या!) पोगाचारने त्याच्यावर १ मिनिट ५६ सेकंद कमावले आणि टूर ५९ सेकंदांनी खिशात घातली.

२०२३ मध्ये कोंब्लूला २२.४ किलोमीटरची शर्यत. दोमांसीचा चढ कडक, पण जेमतेम अडीच किलोमीटर. पोगाचारने पुन्हा सायकल बदलली. योनास विंगेगार्डने नाही. दोमांसीनंतर रस्ता चढतच राहतो, पण सौम्य होतो. तिथे वेग वाढतो आणि आडवी पाठ पुन्हा कामी येते. विंगेगार्ड १ मिनिट ३८ सेकंदांनी जिंकला. सगळं खापर सायकलवर फोडू नका, त्या दिवशी विंगेगार्डचे पायच वेगळे होते. तरी ला प्लांशचा चढ शेवटपर्यंत उभा राहतो, दोमांसीचा राहत नाही, हा फरक विसरू नका.

कारण साधं आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. हळू चढताना मात्र वजनच नडतं. सायकलसह तुम्ही ७५ किलो असाल, तर २० मिनिटांच्या खड्या चढावर एक किलो कमी केल्याने साधारण १५ सेकंद वाचतात.

आता तुमचं गणित. पाच किलोमीटरचा घाट ताशी १० च्या वेगाने चढलात तर ३० मिनिटं. तोच ४० ने उतरलात तर साडेसात. चढताना १० टक्के वेग वाढवला तर पावणेतीन मिनिटं वाचतात, उतरताना वाढवला तर फक्त ४१ सेकंद. म्हणून जोर चढावर लावा, उतारावर दम घ्या. फक्त पहिल्याच वळणावर सगळं उधळू नका, आणि माथा दिसला म्हणून पाय ढिले सोडू नका.

दुसरी सायकल आपल्याकडे कुठून येणार? पण मागची कॅसेट बदलता येते. मोठी दातेरी चकती असेल तर खड्या वळणावरही पाय फिरते राहतात. मात्र तुमच्या गिअरला ती झेपेल का, हे मेकॅनिकला विचारा आणि शर्यतीआधी त्याच घाटात चालवून बघा. २०२३ च्या जिरोमध्ये मोंते लुस्सारीच्या चढावर रॉग्लिचची चेन ऐन मोक्याला उतरली होती. ती बसवून, मागून ढकलून घेऊन तो निघाला, ४० सेकंदांनी ती टाइम ट्रायल जिंकला आणि जिरो १४ सेकंदांनी.