वॉर्डांतील छपाईची व्यवस्था

अहवाल वर्षात देणगीदारांच्या साहाय्याने आलेल्या उपकरणांची यादी परिशिष्टात दिली आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय त्या यादीत सापडणार नाही. कारण या कामासाठी काही विकत घ्यावे लागले नाही.

रुग्णालयातील संगणक एका व्यक्तीचा नसतो. आज पुरुष वॉर्डात असलेली परिचारिका उद्या अतिदक्षता विभागात असते. आमच्याकडे तिच्या खात्याच्या नोंदी तिच्याबरोबर प्रत्येक संगणकावर जातात, आणि विंडोज प्रणाली प्रिंटरची जोडणीही त्याच खात्यात ठेवते. परिणामी एका मजल्यावरील रुग्णाचा रक्ततपासणी अहवाल दुसऱ्या मजल्यावर छापला जाण्याचा संभव राहतो. नातेवाईक इकडे ताटकळतात, आणि रुग्णाचे नाव व आजार लिहिलेला कागद तिकडे कोणाच्याही हाती पडू शकतो. खोळंब्यापेक्षा ही दुसरी गोष्ट आम्हांस अधिक गंभीर वाटते.

यावर उपाय म्हणजे लॉगिन स्क्रिप्ट. संगणकावर नाव व परवलीचा शब्द देताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांची ही छोटी यादी सर्व्हरवर एकाच ठिकाणी असते. ती प्रथम संगणकाचे नाव वाचते. त्या नावातच वॉर्डाची खूण घातलेली आहे. मग आधीच्या जोडण्या काढून 'प्रिंटयूआय'च्या आज्ञेने त्या वॉर्डाचा प्रिंटर जोडते व तोच मुख्य ठरवते. विंडोज १० पासून शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य मानण्याची सोय आली. ती घरी ठीक, येथे बंदच ठेवावी लागते. प्रिंटर बदलल्यास प्रत्येक संगणकापाशी जावे लागत नाही, सर्व्हरवरील एक ओळ बदलली की पुरते.

बिल खिडकीची गोष्ट निराळी. तेथील जुनी प्रणाली केवळ एलपीटी१ या पोर्टवर छपाई पाठविते, आणि नव्या संगणकांना ते पोर्टच नसते. 'नेट यूज' ही आज्ञा त्या नावाने येणारी छपाई नेटवर्कवरील डॉट मॅट्रिक्स प्रिंटरकडे वळविते. हे खडखडणारे यंत्र अद्याप का, असे अभ्यागत विचारतात. त्याच्या सुया फितीवर आघात करीत असल्याने कार्बनची प्रत त्याच वेळी निघते: एक नातेवाइकांस, एक लेखा विभागास. लेझर प्रिंटरला ते साधत नाही.

जुलै २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई सेवेतील 'प्रिंटनाइटमेअर' हा दोष उघडकीस आला. ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने प्रिंटरचा ड्रायव्हर बसविण्याचा अधिकार प्रशासक खात्यापुरता मर्यादित केला. परिचारिकेच्या खात्यातून चालणारी स्क्रिप्ट त्यामुळे नवा ड्रायव्हर आणू शकत नाही. हे बंधन सैल करता येते. परंतु रुग्णांची माहिती ज्या यंत्रांवर आहे, त्यांवर तसे करणे आम्हांस अनुचित वाटते. म्हणून ड्रायव्हर आधीच, संगणक सुरू होताना प्रणालीच्या अधिकाराने चालणाऱ्या निराळ्या स्क्रिप्टद्वारे बसविले जातात.

प्रिंटर दुरुस्तीस गेल्यास त्या वॉर्डाची छपाई शेजारच्या वॉर्डाकडे वळविली जाते. तो कागद आणण्यास कर्मचारीच जातात. नातेवाइकांस पाठविले जात नाही.