जावा गाडीचा लाल दिवा

भोर-वेल्ह्याकडे कुणाच्या पडवीत जुनी जावा अजून दिसते. ती म्हैसूरला १९६१ पासून होऊ लागली. १९७३ मध्ये तिचे नाव येझदी झाले. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. या जुन्या गाडीवर समोर एक लहान लाल दिवा असतो. तो काय सांगतो, ते आपण पाहू.

शेजारच्या दोन भातखाचरांमधला बांध फोडला, तर भरल्यातले पाणी रित्यात जाते. पाणी सारखे झाले की वाहणे थांबते. इथे एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला डायनामो, मधे लाल दिवा. किल्ली फिरवली की बॅटरीची वीज दिव्यातून डायनामोकडे वाहते, दिवा लागतो. इंजिन जोरात फिरले की डायनामोच्या विजेचा जोर बॅटरीइतका होतो, दिवा विझतो. गाडी उभी असून इंजिन हळू चालले असता तो मिणमिणला, तर घाबरू नये.

पण गाडी पळत असूनही दिवा लागलेलाच, तर डायनामो वीज करीत नाही. सारे बॅटरीवर चालले आहे, इंजिनातली ठिणगीसुद्धा! बॅटरी संपली की पाबे घाटात अंधारात गाडी बंद. म्हणून आधी सैल तारा बघाव्यात. मग डायनामोचे कार्बन झिजलेत का, ते घासतात ते तांब्याचे कडे काळे पडले का, ते बघावे. कटआऊट मात्र मिस्त्रीकडेच न्यावा.

आणि किल्ली फिरवून दिवा लागलाच नाही, तर? लोक म्हणतात, बरे झाले! पण बल्ब गेला असेल, कार्बन टेकत नसेल, नाहीतर बॅटरीच बसली असेल.