हाडाचे अर्बुद आणि अंगरक्षक शस्त्रक्रिया : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

हाडात उद्भवणाऱ्या घातक अर्बुदांचे प्रमाण एकूण कर्करोगांच्या तुलनेत अल्प आहे. तथापि हा रोग ज्या वयोगटाला गाठतो, तो महाविद्यालयीन अध्यापकांच्या नित्य परिचयाचा आहे. हाडाच्या प्राथमिक कर्करोगांपैकी सर्वाधिक आढळणारा ऑस्टिओसार्कोमा प्रामुख्याने 10 ते 20 या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना होतो. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीचे वरचे टोक, म्हणजे गुडघ्याचा परिसर, ही त्याची नेहमीची स्थाने होत. महाकोशिका अर्बुद हे बहुधा सौम्य, परंतु हाड पोखरणारे अर्बुद 20 ते 40 या वयात त्याच परिसरात आढळते. एकेकाळी ऑस्टिओसार्कोमाचे निदान म्हणजे पाय कापणे असेच समीकरण होते. आज बहुसंख्य रुग्णांचा पाय वाचविता येतो. मात्र तो वाचेल की नाही, हे पुष्कळदा रुग्ण शस्त्रक्रियागृहात पोहोचण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. प्रस्तुत लेखाचा रोख या पूर्वकाळावर आहे.

अंगविच्छेदनाकडून अंगरक्षणाकडे

1970 पूर्वी पाय मांडीतून कापूनही पाचांपैकी सुमारे चार रुग्ण दगावत. कारण निदानाच्या वेळीच रोगाच्या सूक्ष्म पेशी फुफ्फुसांपर्यंत पोहोचलेल्या असत. 1970 च्या दशकात केमोथेरपी आली आणि रोग अन्यत्र पसरलेला नसल्यास 60 ते 70 टक्के रुग्ण दीर्घकाळ जगू लागले. मग स्वाभाविक प्रश्न उभा राहिला : जीव औषधांनी वाचत असेल, तर पाय का गमवावा? 1986 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा ऑस्टिओसार्कोमा असलेल्या 227 रुग्णांच्या अभ्यासात पाय राखलेले व पाय कापलेले रुग्ण यांच्या जीवितमानात फरक आढळला नाही. तेव्हापासून अंगरक्षणाला शास्त्रीय आधार मिळाला.

या शस्त्रक्रियेचे तत्त्व थोडक्यात असे. अर्बुद उघडे न करता, त्याच्या भोवतीच्या निरोगी ऊतकांच्या आवरणासह ते अखंड काढावयाचे. मुख्य रक्तवाहिन्या व चेता अर्बुदाने वेढलेल्या नसाव्यात, ही पहिली अट. काढलेल्या हाडाच्या जागी बहुधा धातूचा कृत्रिम सांधा बसवितात. काही वेळा रुग्णाचेच हाड बाहेर काढून त्यास किरणोत्सर्गाची मोठी मात्रा देतात व मृत झालेल्या पेशींसह ते पुन्हा जागेवर जोडतात. महाकोशिका अर्बुदात पुष्कळदा हाड खरवडून पोकळीत अस्थिसिमेंट भरणे पुरेसे ठरते.

बायोप्सी : पहिला चिरा

निदानाकरिता अर्बुदाचा तुकडा घेणे ही वरकरणी किरकोळ वाटणारी क्रिया आहे; वस्तुतः संपूर्ण उपचारातील सर्वांत नाजूक पाऊल तेच होय. सुई ज्या मार्गाने आत गेली, त्या मार्गात अर्बुदपेशी सांडलेल्या असण्याचा संभव गृहीत धरावा लागतो व पुढील शस्त्रक्रियेत तो मार्ग त्वचेसह कापून काढावा लागतो. चिरा पायाच्या लांबीला आडवा घेतला, चुकीच्या स्नायूतून नेला किंवा आत रक्त साचून पसरले, तर दूषित भाग इतका वाढतो की पाय राखणे अशक्य होते. 1996 मध्ये अमेरिकेतील 597 रुग्णांच्या पाहणीत सुमारे 3 टक्के रुग्णांचा पाय केवळ सदोष बायोप्सीमुळे कापावा लागल्याचे दिसले. अंतिम उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी अन्यत्र बायोप्सी झाली असता गुंतागुंत कित्येक पटींनी अधिक होती. यास्तव जो शल्यविशारद अर्बुद काढणार, त्याच्याच देखरेखीखाली बायोप्सी व्हावी, हा नियम सर्वमान्य झाला आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्यात या नियमाचा अर्थ प्रवास असा होतो. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु कर्करोगावरील विशेष उपचारांसाठी नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, तेथीलच राष्ट्रीय कर्करोग संस्था किंवा विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. देवरी वा सालेकसा तालुक्यातील कुटुंबास हा प्रवास सोपा नाही. महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेने खर्चाचा भार हलका केला असला, तरी बुडालेली मजुरी कोणतीही योजना भरून देत नाही. म्हणून जवळच चिरा देऊन गाठ पाहून घ्यावी, हा मोह समजण्याजोगा आहे. गळू समजून सूज फोडली जाणे किंवा मुरगळ समजून आठवडेच्या आठवडे मालीश होत राहणे, हेही याच अंतराचे परिणाम. विश्रांती घेतानाही, विशेषतः रात्री जाणवणारे व कमी न होणारे गुडघ्याचे दुखणे, सोबत वाढती सूज, एवढ्यावर साधे क्ष-किरण छायाचित्र काढणे आवश्यक ठरते. आणि ते तालुक्याच्या ठिकाणीही निघू शकते. शंका बळावल्यास चिरा न देता रुग्णास छायाचित्रासह पुढे पाठविणे, हेच स्थानिक वैद्यकाचे सर्वांत मोठे योगदान होय.

वाचलेला पाय आणि जमिनीवरचे जीवन

पाश्चात्त्य ग्रंथांत यशस्वी मानला गेलेला पाय गोंदियाच्या भातशेतीत यशस्वी ठरेलच असे नाही. कृत्रिम सांध्यावर रुग्ण सहज चालतो, जिने चढतो; परंतु उकिडवे बसणे, चिखलात वाकून रोवणी करणे, मांडी घालून विड्या वळणे त्याला जमत नाही किंवा वर्ज्य असते. सांधा झिजतो, सैल होतो, जंतुसंसर्गाची भीती आयुष्यभर राहते. तरुण रुग्णास पुढे पुन्हा शस्त्रक्रिया अटळ असते. शारीरिक कष्टांवर जगणाऱ्यासाठी कधी गुडघा सरळ स्थितीत कायमचा जोडून टाकणे अधिक टिकाऊ ठरते. लहान मुलांत पोटरीचा भाग 180 अंशांत फिरवून घोट्याचाच गुडघा करण्याची पद्धतही आहे. तिला रोटेशनप्लास्टी म्हणतात. उलटे पाऊल पाहून पालक हादरतात, पण कृत्रिम पाय लावून असे मूल धावू शकते. अंगविच्छेदन हाही काही प्रसंगी योग्यच उपचार असतो. त्याला पराभव मानून कुटुंबे उपचार सोडून घरी परततात, तेव्हा पायासह जीवही जातो.

केमोथेरपी शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे अडीच महिने व नंतर आणखी काही महिने चालते. म्हणजे विद्यार्थ्याचे जवळजवळ एक शैक्षणिक वर्ष तीत जाते. अर्ध्यावर थांबविलेली केमोथेरपी उत्तम शस्त्रक्रियाही निष्फळ करते. हजेरी, परीक्षा व शिष्यवृत्ती यांच्या चिंतेने विद्यार्थी आवर्तन चुकवू लागला, तर त्याची कल्पना रुग्णालयापूर्वी महाविद्यालयास येते.