आधी कोण, नंतर कोण

बादलीत अंगठ्याएवढी कोळंबी होती आणि वरून टँकमधली बारीक नळी लोंबत होती. नळीला मारलेली गाठ जराशी सैल केली की सेकंदाला दोन थेंब पडत. दुकानाच्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२० आली होती, माझ्या टँकची १.०२५. दुकानदार बरेचदा पाणी थोडं फिकं ठेवतात. मीठ वाचतं आणि परजीवीही आटोक्यात राहतात. एवढा फरक मासा बहुधा निभावून नेतो, कोळंबीला तो एकदम झेपत नाही. म्हणून दोन तास थेंब मोजत बसायचं.

टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि तेवढाच उंच. पाणी साधारण १९० लिटर. पहिल्या खेपेला त्यात काय ठेवायचं ते मी रंग बघून ठरवलं होतं. खाऱ्या पाण्याचा नवा टँक ‘पिकायला’ चार ते सहा आठवडे जातात. माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू तेवढ्या वेळात खडकावर बसतात. मला धीर नव्हता. ‘डॅमसेल टाका दादा, त्याला काय होत नाही,’ असं दुकानात सांगितलं, आणि खरंच त्याला काही झालं नाही. काळ्या अंगावर तीन पांढरे ठिपके, लांबी दोन इंच. महिनाभर अख्खा खडक त्याच्या एकट्याच्या मालकीचा होता. नंतर आणलेला फायरफिश तिसऱ्या सकाळी टँकबाहेर, फरशीवर वाळलेला सापडला. आत पळायला जागा नव्हती, म्हणून तो वरून गेला. डॅमसेल जाळीत येईना. शेवटी सगळे दगड बाहेर काढले, पाणी अर्ध्यावर आणलं, तेव्हा कुठे हाताला लागला.

तेव्हापासून टँकवर जाळीचं झाकण आहे आणि फ्रीजवर यादी. नाव लिहिण्याआधी माशाचं तोंड बघतो. लायनफिश दिसायला संथ, पण तोंडात मावेल ते गिळतो. त्याच्यासोबत कोळंबी ठेवणं म्हणजे तिला ताटात वाढणं. ट्रिगरफिशला तर कवचही फोडता येतं. सिनेमातली डोरी, म्हणजे ब्लू टँग, दुकानात दोन इंचांची असते. वाढून फूटभर होते आणि माझा टँकच तीन फुटांचा. मँडरिनची गोष्ट वेगळी. तो कोणाच्या वाटेला जात नाही. पण दिवसभर खडकावरचे जेमतेम दिसणारे कोपेपॉड टिपत फिरतो. लहान, नव्या टँकमध्ये ते लवकर संपतात आणि कोणाशीही न भांडता तो उपाशी मरतो.

क्लाउनफिशची जोडी घेताना एक थोराड आणि एक बारकं पिल्लू घेतलं. हे मासे आधी सगळे नरच असतात. जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर वरचढ कोण हे ठरेपर्यंत मारामारी. माझ्याकडचा धाकटा मोठीसमोर आला की अंग थरथरवतो, म्हणजे हार कबूल. शंखातल्या खेकड्यांची भांडणं घरावरून. अंग वाढलं की मोठा शंख लागतो, आणि रिकामा मिळाला नाही तर खेकडा गोगलगायीला मारून तिचा घेतो. म्हणून वाळूत पाच-सात रिकामे शंख टाकून ठेवलेत.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध चालतं, पण तेच कोळंबी आणि गोगलगायींना विष. म्हणजे एकदा कोळंबी आली की आजारी माशावर त्या टँकमध्ये हा उपचार नाही. त्यामुळे प्रत्येक नवा मासा आधी चार आठवडे वेगळ्या, उघड्याबोडक्या टँकमध्ये काढतो.

आणि जिवंत कठीण प्रवाळ माझ्याकडे नाहीत. २००१ पासून ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत; समुद्रघोडेही. दुकानात कोणी ‘मागच्या खोलीत आहे’ म्हणालं तरी नको म्हणायचं. माझी रीफ नावाला. खडकही माणसाने बनवलेला.

या वेळी आधी बुजरे आले: पिवळा वॉचमन गोबी, मग दुसरा फायरफिश. क्लाउनची जोडी त्यानंतर. गोबीने डावीकडच्या दगडाखाली खळगा धरला होता. पाणी १.०२५ वर आलं तेव्हा पाइपच्या तुकड्यातून कोळंबी त्याच खळग्याजवळ सोडली. ही पिस्टल कोळंबी. तिचा एक पंजा भलताच मोठा असतो. रात्री टँकमधून ‘टक्’ असा आवाज आला आणि मी काच तडकली म्हणून उठलो. पंजा वाजला होता.

सकाळी दगडाखाली बीळ होतं. कोळंबी पंजांनी वाळू ढकलत बाहेर आणत होती, पुन्हा आत जात होती. तिला फारसं दिसत नाही, म्हणून बाहेर येताना एक मिशी गोबीच्या शेपटीवर टेकलेली. धाकटा क्लाउन जवळून गेला. गोबीने शेपूट हलवलं, आणि वाळू तिथेच टाकून कोळंबी बिळात. जरा वेळाने आधी मिशी बाहेर आली, शेपूट चाचपलं, मग कोळंबी.

यादीत सिक्स-लाइन रॅसचं नाव शिल्लक होतं. रंगाला देखणा, पण वय वाढलं की शेजाऱ्यांना पिटाळणारा, बारक्या कोळंब्याही टिपणारा. चहा ठेवता ठेवता मी ते खोडलं.